गल्ली नंबर दहा

गणितात मी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि त्यापायी आमच्या स्वयंपाकघरातनं गणपतीची पालखी गेली. त्या दिवशी भिंतीला लागलेला गुलाल आई अजून दर दिवाळीला घासते आणि घासता घासता मला शिव्या घालते. मी आता कोल्हापुरातच राजारामपुरीत एका क्लासमध्ये पोरांना गणित शिकवते. तिथल्या गल्ल्या सरळ आहेत, पहिली, दुसरी, तिसरी. आमच्या जुन्या पेठेत असं काही नाही. आमच्याकडं तिकट्या आहेत. तिकटी म्हणजे तीन गल्ल्या मिळतात ती जागा. सगळा घोटाळा त्या तिकट्यांनी केला.

तेव्हा मी सहावीत होते. शाळेच्या गणितात मला पस्तीस पडायचे, तेही बाईंना दया आली तर. घरात मात्र माझ्या गणितानं सगळ्यांचा जीव नकोसा केला होता. भाकरीवर तीनदाच सुरी फिरवून सात तुकडे पाडता येतात हे मला कळलं, आणि आठवडाभर मी एकही भाकरी अख्खी ताटात जाऊ दिली नाही. सातवा तुकडा मधोमध येतो, तीनकोनी, एवढासा. बाबा तो चिमटीत धरून म्हणायचे, "ह्यो कशाबरोबर खाऊ मी?"

मग डब्यांचं प्रकरण झालं. सात स्टीलचे डबे, लहान-मोठे, एकावर एक. ते एका पाटावरनं दुसऱ्या पाटावर न्यायचे. मध्ये टेकायला तिसरा पाट. एका वेळी एकच डबा उचलायचा, आणि लहानावर मोठा ठेवायचा नाही. एकशे सत्तावीस वेळा उचलाउचल करावी लागते. सगळ्यात मोठा डबा जोंधळ्याच्या पिठाचा, म्हणजे सगळ्यात खाली. माझी चाळिसावी चाल चालली होती तेव्हा आई परात घेऊन आली.

"पीठ दे."

"त्रेसष्ट चाली झाल्या की डबा मोकळा हुतोय. थांब की जरा."

बाबांची फौंड्रीत पहिली पाळी होती. ते त्या दिवशी केळी खाऊन कामाला गेले. आई म्हणाली, "शाळंत पस्तीस आणि घरात पंडित. कुणाच्या वळणावर गेलीय ही?"

हे विचारायची गरज नव्हती. मी आजोबांच्या वळणावर गेले होते.

आजोबा पाणीखात्यात होते. घरोघरी जाऊन नळाचे मीटर वाचायचे आणि वहीत आकडे लिहायचे. एकतीस वर्षं, पायी. सगळ्या गल्ल्या झाल्या पाहिजेत आणि एका गल्लीत दोनदा पाय पडता कामा नये, हे त्यांचं रोजचं कोडं असायचं. "गेलेल्या गल्लीत परत जाणारा आणि सांगितलेली गोष्ट परत सांगणारा, दोघं बी येळ खात्यात," असं ते म्हणायचे. आणि हे ते मला रोज सांगायचे.

दुसऱ्यांचे आजोबा चॉकलेट आणायचे, आमचे कोडं आणायचे. एकदा म्हणाले, पेन न उचलता आणि एकही रेघ दोनदा न गिरवता बंद पाकीट काढून दाखव. म्हणजे एक चौकोन आणि त्यात फुली. मी चार दिवसांत एक वही संपवली. शेवटी रडत गेले, "निघत न्हाय आजोबा."

"का निघत न्हाय ते सांग. मग निघालं म्हणायचं."

त्याला आणखी दोन दिवस लागले. पाकिटाच्या चारी कोपऱ्यांवर तीन-तीन रेघा मिळतात. एका रेघेनं कोपऱ्यात आत आलं, दुसरीनं बाहेर पडलं, मग तिसरीनं परत आत आलं की बाहेर पडायला रेघच उरत नाही. अडकलं. असा कोपरा फार तर सुरुवातीला चालतो किंवा शेवटी. म्हणजे दोन चालतात. बंद पाकिटाला चार आहेत. हे सांगितलं तर आजोबांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मला ठसका लागला. तो शाबासकीचा धपाटा होता.

मग त्यांचा उजवा पाय गेला, उजवा हातही लुळा पडला. लकवा. डॉक्टर म्हणाले, खुर्चीत बसवून रोज बाहेर न्या, ऊन लागू दे. आजोबा म्हणाले, "उचलून न्यायला मी काय गणपती हाय व्हय?" झालं, विषय संपला. मधल्या खोलीत लोखंडी खाटेवर ते पडले ते पडलेच. चाळीस वर्षं त्यांनी आमच्या मंडळाच्या पालखीपुढं चवरी ढाळली होती, देवाला वारा घालायची ती पांढरी झुपकेदार चवरी. पहिल्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष विचारायला आले, पालखी दारात थांबवू का? आजोबा म्हणाले, "माझ्यासाठी देव थांबवायचा न्हाय. त्यो काय रिक्षा हाय?" आमच्या मधल्या खोलीतनं बाहेरचं काही दिसत नाही. पालखी जाताना नुसता ढोल ऐकू येतो. तो ऐकत ते डोळे मिटून पडले, आणि मी त्यांच्या पायाशी बसून राहिले.

दुसऱ्या वर्षी दिवाळी झाली आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. कोडी बंद. मी वही घेऊन जायचे तर म्हणायचे, "आता काय न्हाय माझ्याजवळ. जा खेळायला." मला भयंकर राग यायचा. त्यांचा, त्या पायाचा, भिंतीचा. मला ते बाहेर पाहिजे होते, गल्लीत, उन्हात, चवरी घेऊन लोकांवर ओरडत. त्या वर्षी मला दुसरं काहीही नको होतं.

आता पालखीच्या मानाचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या पेठेत नऊ गल्ल्या आहेत. पालखी ज्या गल्लीतनं जाईल त्या गल्लीला मान. गेली नाही तर अपमान, हे कुणालाही पटेल. पण आमच्याकडं एकाच गल्लीतनं दोनदा गेली तरी अपमान, बाकीच्या आठ गल्ल्यांचा. आदल्या वर्षी पालखी दूधवाल्यांच्या गल्लीतनं दोनदा गेली आणि तालमीच्या गल्लीतनं गेलीच नाही. तालमीच्या गल्लीनं वर्षभर मंडळाच्या प्रसादाला तोंड लावलं नाही. त्यावर दूधवाल्यांनी तालमीला दूध घालायचं बंद केलं. पैलवान चहा पिऊन लढायला लागले.

म्हणून श्रावणात मंडळाची बैठक बसली. अध्यक्षांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि आवाज इतका मोठा की फोन बंद असला तरी त्यांचं बोलणं पलीकडं पोचायचं. ते म्हणाले, "औंदा पालखी नऊच्या नऊ गल्ल्यांतनं जाईल आणि एकदाच जाईल. कुठनं कशी न्यायची ते सांगा." बाबा कार्यकारिणीत होते. त्यांनी कौतुकानं सांगितलं, आमच्या पोरीला असलं जमतंय. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

मी पाटावर सहा खिळे ठोकले आणि आईच्या परकराची नाडी घेतली. खिळे म्हणजे गल्ल्या मिळायच्या जागा, नाडी म्हणजे पालखी. सुरुवात मांडवाच्या तिकटीपासनं आणि शेवट मोठ्या रस्त्याच्या तिकटीला, कारण तिथनं विसर्जनाला जायचं. ह्याशिवाय पिंपळाची तिकटी आणि हौदाची तिकटी. मधोमध चौक. आणि पिंपळापासनं हौदाकडं वळसा घालून जाताना एक वळण. मी नाडी गुंडाळायला लागले आणि माझा हातच थांबला. हे तर बंद पाकीट होतं. आमची सगळी पेठ म्हणजे एक बंद पाकीट. मला एवढा आनंद झाला की मी मधल्या खोलीत पळत गेले आणि भिंतीकडं तोंड केलेल्या आजोबांच्या पाठीला सगळं सांगितलं. पाठ हलली नाही. पण "हं" असं ऐकू आलं. दिवाळीपासनं पहिल्यांदा.

मी बैठकीत उभी राहिले आणि म्हणाले, "हुत न्हाय."

तेरा माणसं बसली होती. कोल्हापुरात तेरा माणसांना होत नाही म्हणून सांगणं म्हणजे शड्डू ठोकणं. मी तिकट्यांचं समजावून सांगितलं. आत आलं, बाहेर गेलं, परत आत आलं, अडकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग उपाय सुचवायला लागले.

एकजण म्हणाले, दुसऱ्यांदा जाताना वाजप बंद ठेवायचं. न वाजवता गेली तर ती गेली असं कोण म्हणेल? दुसरे म्हणाले, पालखीवर चादर टाकायची. तिसरे काका म्हणाले, दुसऱ्यांदा जाताना उलटं चालत जायचं, म्हणजे एकदा अधिक, एकदा वजा. ह्यात थोडं तरी गणित होतं, म्हणून मी त्या काकांकडं आदरानं बघितलं. पण तालमीच्या गल्लीचा माणूस उसळला, "म्हंजे त्या गल्लीला शून्य! शून्य म्हंजे अपमानच की!" शेवटी अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला आणि ठराव मांडला: पालखी प्रत्येक गल्लीतनं एकदाच जाईल, आणि होत नाही हे मंडळास मान्य नाही. ठराव तेरा विरुद्ध शून्य मतांनी पास झाला. मला मत नव्हतं.

"झालं बघ," अध्यक्ष मला म्हणाले. "आता हुतंय."

रविवारी सराव केला. पालखी म्हणून बाजलं, देव म्हणून तांदळाचं पोतं. सकाळी सातला निघाले. नऊ वाजता बाजलं हौदाच्या तिकटीला आलं आणि अडकलं. तिन्ही गल्ल्या संपल्या होत्या. परत कुठल्या गल्लीतनं न्यायचं म्हटलं की बाकीच्या दोन गल्ल्यांतली माणसं बाह्या सरसावायची. हा सराव आहे, पोतं आहे, देव नाही, असं अध्यक्ष ओरडून सांगत होते. पण मान तो मान. शेवटी बाजलं तिथंच सोडून सगळे जेवायला गेले. ते चार दिवस तिथंच होतं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी पोत्याला हार घातला. चौथ्या दिवशी एक बाई पोत्याला पाया पडताना मी स्वतः बघितली. त्या संध्याकाळी अध्यक्ष आमच्या घरी आले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "बाळ, काय तरी कर बाई."

आणि इथं मी खोटं बोलले.

उपाय मला माहीत होता. पिंपळाची तिकटी आणि हौदाची तिकटी एका नवीन वाटेनं जोडली की दोन्ही ठिकाणी चार-चार वाटा होतात. मग फक्त सुरुवातीची आणि शेवटची तिकटी उरते, आणि पालखी न अडकता जाते. अशी वाट होती. आमच्या शेजारच्या घराला लागून बंद पडलेली पिठाची गिरणी, तिच्या बाजूनं एक बोळ, वरनं पत्रा, दोन्ही टोकांना पत्र्याची दारं. गिरणीवाले इचलकरंजीला मुलाकडं राहायला गेल्यापासनं दारं बंद. लोकांना वाटायचं गिरणीची मागची खोली आहे. मी मात्र बॉल आणायला पत्र्याखालनं सरपटत आत गेले होते, आणि सरळ हौदापाशी बाहेर निघाले होते. रुंदीही मोजून आले होते, नाडीनं. पालखी आरामात गेली असती.

पण अगदी तशीच दुसरी वाटही होती. आमचं घर. चार खोल्या एकामागं एक, दारं सगळी एका ओळीत. पुढचं दार पिंपळाच्या तिकटीवर, मागचं हौदाच्या तिकटीवर. आणि मधल्या खोलीत, बरोबर मधोमध, लोखंडी खाट. खाट आणि पालखी एकाच वेळी त्या खोलीत मावत नाहीत, हेही मी मोजलं होतं.

"एक वाट पाहिजे," मी म्हणाले. "पिंपळापासनं हौदापर्यंत. आमच्या घरातनं जाती तेवढीच."

"दुसरी न्हाय?"

"न्हाय."

माझे कान तापले. शाळेत गृहपाठाबद्दल मी रोज खोटं बोलायचे, त्याचं काही वाटायचं नाही. पण गणिताशी खोटं बोलले आणि मी नाडी बोटाला गुंडाळत बसले. आणि अध्यक्ष काही खुळे नव्हते. ते उठले आणि सरळ मधल्या खोलीत गेले. "काका, तुमी सगळ्या पेठेत एकतीस वर्षं फिरलाय. पिंपळापासनं हौदाला जायला मधनं कुठं वाट हाय का?"

मी दारात उभी होते. माझ्या हातात नाडी होती आणि ती मी दातात धरली होती. आजोबांनी भिंतीकडनं तोंड वळवलं. छताच्या पत्र्याकडं बघितलं. मग माझ्या दातातल्या नाडीकडं.

"न्हाय," ते म्हणाले.

मी वाचले. पण रात्री मी भरल्या ताटावरनं तशीच उठले. आजोबा बोळ विसरले होते. ज्यांना पेठेतल्या प्रत्येक नळाची गळती पाठ होती, ते अख्खा बोळ विसरले होते. पाय गेला तेव्हा मी रडले नव्हते, त्या रात्री रडले.

आईनं आधी पोळपाट आपटला. मग म्हणाली, "देव दारात आला तर हाकलू व्हय मी? पण चपला घालून कोण आत आलं तर तंगडं मोडीन." तेवढ्यावर मंडळानं ठराव केला की आमचं घर ही उत्सवापुरती गल्ली समजण्यात यावी. गल्ली नंबर दहा. दारावर पाटी लागली. आणि एकदा गल्ली म्हटल्यावर लोक तिला गल्लीसारखी वापरायला लागले. हौदाकडं जायला वळसा कशाला म्हणून बायका घागरी घेऊन आमच्या स्वयंपाकघरातनं जायला लागल्या. एक पाव्हणं सायकल ढकलत आत आले आणि आई पोळ्या लाटत होती तिला म्हणाले, "मावशी, जरा साईड." एकानं पुढच्या खोलीत स्कूटर लावली आणि कपाटाला टेकून ठेवली. आई चवताळली. पण तिनं काय करावं? ती मंडळात गेली आणि म्हणाली, आमची गल्ली हाय न्हवं, मग गल्लीचा मान कुठाय? नारळ, ओटी, आणि पताका. तिला तिन्ही मिळाली. आमच्या स्वयंपाकघरात फळीपासनं फ्रिजपर्यंत पताका लागल्या. बंदोबस्तासाठी मिरवणुकीचा मार्ग लिहून द्यावा लागतो. त्यात दहावी जागा म्हणून नुसतं "स्वयंपाकघर" असं लिहिलं होतं, आणि त्यावर शिक्का मारून आला.

फक्त खाट राहिली होती.

अध्यक्ष म्हणाले, "काका, त्या दिवशी तेवढं तुमाला खुर्चीतनं हौदापाशी नेतो."

"मी गणपती न्हाय."

बाबा म्हणाले. शेजारचे म्हणाले. डॉक्टर येऊन म्हणाले. आजोबांचं एकच, मी गणपती न्हाय, मला कोण उचलायचं न्हाय. मी आठ दिवस डोकं खाजवत होते. नाडी, खिळे, काही कामाचं नव्हतं. आणि मग एका दुपारी पुढच्या खोलीतली ती स्कूटर काढायला मंडळाची माणसं आली आणि एकजण म्हणाला, "गल्लीत अतिक्रमण चालायचं न्हाय." मी उडी मारून उठले.

मंडळाच्या लेटरहेडवर मी स्वतःच्या हातानं लिहिलं. विषय: गल्ली नंबर दहामधील अतिक्रमण काढणे. आपण व आपली खाट सदर गल्लीच्या मध्यभागी असून त्यामुळे पालखीस अडथळा होत आहे. तरी अनंत चतुर्दशीस सकाळी नऊच्या आत आपण स्वतःहून हटावे, अन्यथा मंडळामार्फत आपणास हटवण्यात येईल. खाली अध्यक्षांची सही.

आजोबांनी चष्मा मागितला. तो दहा महिने खिडकीत धूळ खात पडला होता. त्यांनी नोटीस दोनदा वाचली.

"जावक क्रमांक कुठाय?"

मी जावक क्रमांक घातला.

"मुदत किती दिवसांची?"

"आठ."

"आठ बरोबर हाय." त्यांनी कागदाची घडी केली आणि उशीखाली ठेवली. "सरकारी माणूस हाय मी. आयुष्यभर दुसऱ्यास्नी नोटिसा दिल्यात. आलेली मोडणार न्हाय. उचला म्हणावं."

माणूस म्हणून उचलून घ्यायला ते तयार नव्हते, देव म्हणूनही नव्हते. अतिक्रमण म्हणून तयार झाले. बाबा हसता हसता खाली बसले आणि मग त्यांनी डोळे पुसले.

अनंत चतुर्दशीला सकाळी आईनं त्यांना पांढरं धोतर नेसवलं, वर फेटा. बंदोबस्ताचा हवालदार आमच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून चहा पीत बसला होता आणि "थांबू नका, चालत राहा" असं ओट्याला सांगत होता. नऊला पाच कमी असताना तालमीचे चार पैलवान आले. त्यांनी खाट बाजूला उभी केली आणि आजोबांना खुर्चीसकट उचललं. आजोबा ओरडले, "सावकाश! मीटर हाय का मी, उपटालाईसा?" दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा तो आवाज. मी त्यांच्या पुढं पळत होते आणि मला काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते म्हणून.

आमच्या मागोमाग पुढच्या दारातनं पालखी आत आली. आईच्या धाकानं सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या. पालखी कपाटाजवळनं, पाटावरच्या डब्यांजवळनं, फ्रिजजवळनं, पताकांखालनं गेली. ढोल घरात वाजला तेव्हा फळीवरची भांडी खाली आली. आईनं ओवाळलं आणि ओवाळता ओवाळता एकाला म्हणाली, "गुलाल खाली टाक, भिंतीवर न्हाय!" टाकलाच त्यानं भिंतीवर.

आजोबांना हौदापाशी ठेवायचं ठरलं होतं. पण मागं पालखी, पालखीमागं दीडशे माणसं, खुर्ची ठेवायला जागाच नव्हती. पैलवान चालत राहिले. "चवरी आण," आजोबा म्हणाले. मी ती पालखीपुढच्या माणसाकडनं घेऊन दिली. डाव्या हातानं त्यांनी ती ढाळली, आधी वाकडीतिकडी, मग नीट. अशी मिरवणूक वळण घेऊन परत पिंपळाच्या तिकटीला आली आणि थांबली, कारण तिथं दीडशे लोकांच्या चपलांचा ढीग होता. घरात शिरताना काढल्या, बाहेर पडले मागच्या दारानं, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तिकटीवर एकच गोंधळ. "आरं माझा डावा कुठाय?" "ह्यो कुणाचा हाय?" सगळ्या कोल्हापुरी, सगळ्या सारख्या. अध्यक्ष दोन पायांत दोन वेगवेगळ्या घालून ओरडत होते. देव पालखीत थांबला होता.

पैलवानांनी खुर्ची खाली ठेवली, गिरणीच्या त्या पत्र्याच्या दारापाशी, उन्हात. आजोबांनी बोटानं मला जवळ बोलावलं. चवरीच्या दांड्यानं पत्र्यावर टकटक केलं.

"ह्यात नळाचे सात मीटर हायत," ते माझ्या कानात म्हणाले. "पाचवा गळका. एकतीस वर्षं दर महिन्याला ह्यातनं गेलोय मी. पालखी दोन हात राखून जाती."

म्हणजे ते काही विसरले नव्हते.

"मग अध्यक्षांना न्हाय का म्हणालासा?"

"तू का म्हणालीस?"

मी रडायला लागले. भर तिकटीत, चपलांच्या ढिगात. "तुमाला भाईर काढायला," मी म्हणाले. "लई वाईट वाटत हुतं मला, आजोबा."

"मग?" ते म्हणाले. "मला काय बरं वाटत हुतं व्हय तितं?" त्यांनी चवरी मांडीवर ठेवली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. डाव्या हाताचा होता, पण ठसका लागलाच. "मला कुणाला सांगता येईना, आता मला उचला म्हणून. तू सांगितलीस. गणित चुकलं हुतं, उत्तर बरोबर हुतं."

अध्यक्षांना एक चप्पल सापडली होती. ढोल परत सुरू झाला. पैलवानांनी खुर्ची उचलली आणि आजोबांनी फेटा सारखा केला.

"सांग आता," ते वरनं ओरडले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चार गल्ल्या झाल्याल्या न्हाईत. डावीकडं का सरळ? चुकलीस तर देव अडकला बघ."

मी नाक पुसलं आणि हात दाखवला.